नऊचा गजर

नंगनल्लूर, चेन्नई
२ सप्टेंबर २०२५

चि. कौशिक,

आशीर्वाद नेहमीचेच, ते आहेतच असं समज. फोनवर तुला गाठायला जावं तर तू दर वेळी कुठल्या तरी घाटात असतोस आणि रेंज जाते, म्हणून हे पत्र. कागद हातात धरून ‘ताई, आवाज येत नाही’ असं म्हणता येत नाही.

काल आमच्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरीने, हरिप्रसादने, तुझा व्हिडिओ पाठवला. खाली विचारलं होतं, ‘ऊर्मी मॅडम, हे तुमचे बंधू ना?’ मी मोठ्या ऐटीत तो टीव्हीवर लावला. सासूबाई आणि मी ताकाचे पेले घेऊन समोर बसलो. पांढरा कुडता तुला शोभतो. पोट उतरलंय, चेहऱ्यावर तेज आलंय. मागे हा एवढा फलक, ‘शंभरीची शिदोरी: कौशिक सबनीस’. सकाळी आठ वाजता पथ्यपाणी ऐकायला पुण्यात इतकी माणसं जमतात हे पाहून मला खरंच बरं वाटलं. लहानपणी पालकाच्या भाजीला नाक मुरडणारा तू, आणि आज लोकांना पालक कसा शिजवावा ते सांगतोयस.

मग तू म्हणालास, ‘डॉक्टरांनी हात टेकले होते. दोन्ही किडन्या गेल्या म्हणाले. मी डायलिसिस सोडला आणि शरीराला शरण गेलो. मीठ सोडलं, सूर्यास्तानंतर जेवण सोडलं, वेळेवर झोपलो, पहाटे उठलो. आज तुमच्यासमोर उभा आहे.’ टाळ्या पडल्या.

सासूबाईंनी पेला खाली ठेवला. त्यांना सगळं ठाऊक आहे, ऑपरेशननंतर मला न्हाऊमाखू त्यांनीच घातलं होतं. त्या म्हणाल्या, ‘कां गे ऊर्मी, मग तुझी किडनी कुठं गेली?’

मलाही तेच विचारायचंय. विसरला असशील तर सांगते. नऊ वर्षांपूर्वी इथल्याच हॉस्पिटलात माझी डावी किडनी काढून तुझ्या उजव्या ओटीपोटात बसवली. त्याआधी समितीपुढे मला बसवून विचारलं होतं की कुणी जबरदस्ती केली का, कुणी काही कबूल केलंय का. मी तमिळमध्ये एवढंच म्हणाले, ‘तो माझा तंबी आहे.’ धाकटा भाऊ म्हटल्यावर समितीतल्या बाईंनी पुढचे प्रश्न विचारलेच नाहीत.

तू तेव्हा ओरगडमच्या कारखान्यात सुपरवायझर होतास. कळलं तर लाइनवरून उचलून कोपऱ्यातल्या टेबलाशी बसवतील, ही तुझी भीती. म्हणून मी शब्द दिला आणि सगळ्यांना पित्ताशयाच्या खड्याचं ऑपरेशन सांगितलं. तो कारखाना सोडून तू पुण्याला गेलास त्यालाही वर्षं झाली. मी मात्र अजून तोच खडा सांगतेय.

व्हिडिओत मध्येच एक कोकिळा ओरडते. तू म्हणालास, ‘बघा, निसर्गानेही हजेरी लावली,’ आणि हात खिशात घातलास. ती कोकिळा मी ओळखते. सकाळी नऊ आणि रात्री नऊ, हा गजर तुझ्या फोनवर मीच लावला होता, हॉस्पिटलच्या खाटेवर बसून. गोळी चुकली तर तुझं शरीर माझ्या किडनीला परकी समजून झिडकारेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणजे गोळ्या अजून घेतोस. तेवढ्यावर मी माझी समजूत घातली.

पुढच्या वेळी खरं सांग. ‘बहिणीने दिली आणि पथ्याने टिकवली’ असं म्हटलंस तरी लोक टाळ्या वाजवतील. पथ्य तुझं चांगलंच आहे, त्यात मी खोट काढत नाही. रुचाला आठवणीने विचारल्याचं सांग.

तुझी,
ताई


२४ ऑक्टोबर २०२५

माननीय श्री. कौशिक सबनीस सर यांना,

काल भाऊबीज. सकाळी तुझा फोन आला, आणि काय नवल, रेंज होती. साडी कुरिअरने पोचली होती. मी विषय काढला तेव्हा तू म्हणालास, ‘ताई, लोकांना सरळ गोष्ट लागते. किडनी बदलली म्हटलं की पथ्य कोण ऐकणार? पण तुझं पटतंय मला, पुढच्या शिबिरात बघतो.’ माझा जीव भांड्यात पडला. दुपारी ती साडी नेसून नवऱ्याला, रघूला, फोटोसुद्धा काढायला लावला.

संध्याकाळी रघूच दुसरा व्हिडिओ घेऊन आला. दिवाळीचा खास. तो फोन माझ्या हातात देऊन स्वयंपाकघरात निघून गेला, तेव्हाच मला समजायला हवं होतं.

‘माझी सख्खी बहीण चेन्नईला असते,’ तू सांगत होतास. ‘जिभेवर ताबा नाही. सकाळी पोंगल, संध्याकाळी वडे, वरून फिल्टर कॉफी. मी कळवळून सांगायचो. नाही ऐकलं. शेवटी पोट फाडावं लागलं, पित्ताशय काढावं लागलं. शरीर हिशेब चुकता करतंच.’ लोक हळहळले. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी तर माझ्यासाठी चक्क च् च् केलं.

आणि हे सांगताना तुझा हात कुठे गेला होता, पाहिलंस का? डाव्या कुशीवर. पित्ताशय उजवीकडे असतं, कौशिक. तोंडाने काहीही सांगितलंस तरी माझा व्रण कुठे आहे ते तुझ्या हाताला माहीत आहे.

मी न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि रडले. तू किडनी लपवलीस ते मी गिळलं असतं. मी तुझ्यासाठी बोललेलं खोटं तू उचललंस आणि त्याचा मलाच मार दिलास, हे मला गिळता येत नाही. मला फसवलं गेल्यासारखं वाटतंय असं नाही, मला फसवलंच आहे, आणि ते तू केलंस.

आता जिभेवर ताबा नसलेल्या बाईचा दिनक्रम ऐक. किडनी दिल्यापासून मी दुखण्यावरची एकही गोळी घेतलेली नाही. गुडघा सुजून टम्म झाला तेव्हा शेकून काढला, कारण त्या गोळ्या किडनीला चालत नाहीत. अप्पळम-पापड आणि लोणचं ताटात नाही. लग्नाच्या पंगतीत लोक म्हणतात, ‘घ्या हो, एका दिवसाने काय होतंय,’ आणि मी हसून केळीच्या पानावर हात आडवा धरते. उन्हाळ्यात इथे अंगाची लाही होते, तेव्हा पाण्याची बाटली मी देवळातसुद्धा सोडत नाही. दर वर्षी रक्त-लघवी तपासते, रक्तदाब घरी बघते, सकाळी पार्कात चालते. हे शंभरी गाठायला नाही. एकच उरलीय, ती मला पुरायला हवी. आणि मला काही झालं तर ते तुझ्यामुळे झालं असं तुला जन्मभर वाटत राहील, याची मला भीती वाटायची. बघ, कसली कसली भीती बाळगत बसले.

साडी परत पाठवतेय. घडी मोडली आहे, त्याला इलाज नाही.

ऊर्मी


८ डिसेंबर २०२५

कौशिक,

तुझ्याशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. पण हे माझ्यासाठी नाही.

समोरच्या दारातली कनका तुला आठवत असेल. तू आजारी असताना मिरपूड घातलेलं रसम डब्यातून पाठवायची ती. पोंगलच्या दुसऱ्या दिवशी गच्चीवर हळदीच्या पानांवर रंगीत भाताचे मुटके ठेवायचे, कावळ्या-चिमण्यांनी ते खावेत आणि आपल्या भावांना उदंड आयुष्य मिळावं, हा इथला कनूचा रिवाज मला तिनेच शिकवला. तू डायलिसिसवर होतास त्या वर्षापासून मी तो कधी चुकवला नाही.

तिची मुलगी हरिप्रिया श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात आहे. होती म्हणायला हवं, कारण कंपनीच्या बसमध्ये चढायचं बळ आता तिच्यात नाही. वर्षभर तिचा डायलिसिस चालू आहे. कनकाची किडनी जुळली. जानेवारीत तै महिना लागला की ऑपरेशन करायचं ठरलं होतं. सगळ्यांना एकच चिंता होती, पोरगी तयार होत नव्हती. ‘अम्माला काही झालं तर मी जगून काय करू,’ एवढंच म्हणायची.

अकरा जानेवारीला तुझं व्याख्यान आमच्या मंडळात ठेवलंय, हे मला हरिप्रसादकडून कळलं, तुझ्याकडून नाही. त्याने हौसेने तुझ्या व्हिडिओखाली तमिळ ओळी घातल्या आणि सगळीकडे पाठवल्या. ‘असकी जणं, सगळीच्या सगळी येतील, मॅडम, तमिळ लोकसुद्धा,’ म्हणाला. तो हरिप्रियाने पाहिला. आता ती ऑपरेशनला नाही म्हणते. तुझ्यासारखं मीठ सोडलंय, सूर्यास्तानंतर खात नाही, आणि डायलिसिसही हळूहळू बंद करणार आहे म्हणे.

परवा कनका मला मिठी मारून म्हणाली, ‘अक्का, तुमच्या तंबीने माझं घर वाचवलं. तुमचा सख्खा भाऊ सांगतोय म्हणजे खरंच असणार.’  माझ्या भरवशावर ती तुझ्यावर विश्वास ठेवून बसलीय.

हरिप्रियाचा नंबर खाली लिहिते. तिला फोन कर. जगाला सांगू नकोस, मंडळाला सांगू नकोस. त्या एका मुलीला सांग की तुझ्या पोटात दुसऱ्याची किडनी आहे, तू रोज गोळ्या घेतोस, आणि डायलिसिस सोडला असतास तर तू आज नसतास. मग मी तुझ्या शिबिरांबद्दल चकार शब्द काढणार नाही. माझ्या पोंगल-वड्यांबद्दल खुशाल बोल.

ऊर्मी


५ जानेवारी २०२६

कौशिक,

तुझा फोन आला नाही. हरिप्रियालाही नाही आणि मलाही नाही. आला तो रुचाचा. ‘ताई, मुलीला डॉक्टरांचं ऐक म्हणून सांगा ना, हे कुठे नको म्हणतात? फक्त ह्यांचं नाव यात आणू नका. शिबिरांवर घर चालतं आमचं. आणि लोकांचं भलंच होतंय. किती जणांची साखर उतरलीय.’ तिचा आवाज रडवेला होता. तिच्यावर राग धरता येईना. तुझ्यावर धरलेला आहे, तो पुरे आहे.

गेल्या आठवड्यात हरिप्रियाने डायलिसिस चुकवला. अंगात पाणी साठलं आणि सकाळी सकाळी तिला श्वास घेता येईना. रघूने आणि मी तिला रिक्षात घातलं. कनका वाटभर तिचे पाय चोळत होती आणि मला विचारत होती, ‘तुमच्या तंबीलाही सुरुवातीला असंच व्हायचं का अक्का?’ त्या वेळी मला तुझी इतकी चीड आली की तू समोर असतास तर मी काय केलं असतं सांगता येत नाही.

पोरगी वाचली. घरी आली त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले, दार लावून घेतलं आणि साडीचा पदर बाजूला करून डावी कूस दाखवली. कनकाला काही कळेना. हरिप्रियाला लगेच कळलं. इतक्या दिवसांच्या आजाराने तिला पोटातलं सगळं पाठ झालंय. ती म्हणाली, ‘ऑन्टी, गॉल ब्लॅडर राइट साइडला असतं.’

मग मी सगळं सांगितलं, नऊच्या कोकिळेसकट. हॉस्पिटलचे कागदही दाखवले.

कनका आधी तुझ्यावर नाही, माझ्यावर चिडली. ‘इतकी वर्षं अक्का? माझ्या घरचं रसम खाऊन माझ्याशीच खोटं?’ मी खाली मान घालून ऐकून घेतलं. शब्द तुला दिला होता, पण बोलणी मी खाल्ली. ती आत निघून गेली आणि भांडी आपटल्याचे आवाज येत राहिले.

हरिप्रियाने तुझ्याबद्दल काहीच विचारलं नाही. तू काय खातोस, कधी उठतोस, काही नाही. ती माझ्याकडेच बघत बसली होती. ‘ऑन्टी, तुम्हाला एकीवर काय त्रास होतो?’ मी म्हटलं, काही नाही. ‘दमायला होतं?’ नाही. ‘तुम्ही काय खाता?’ सांगितलं. ‘अम्मालाही असं जमेल?’ मी म्हटलं, तुझ्या अम्माला मी जमवायला लावेन, रोज पार्कात ओढून नेईन.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पार्काचं फाटक उघडलं तर पोरगी बाकावर शाल गुंडाळून बसलेली. तिला चालवत नाही, पण माझ्या फेऱ्या होईपर्यंत ती हलली नाही. प्रत्येक फेरीला माझ्या तोंडाकडे बघायची, मला धाप लागते का ते. मी मुद्दाम जरा जोरात चालले. माझ्या शरीराचा इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता. तुझ्या सगळ्या शिबिरांपेक्षा त्या मुलीला ते जास्त पटलं असावं.

मी शब्द मोडला. तुझ्या पाठीमागे बोलले असं व्हायला नको, म्हणून कळवतेय. व्याख्यानाला ये. मी उभी राहून काही बोलणार नाही. हरिप्रिया येणार म्हणते. ऑपरेशनला तिने अजून होकार दिलेला नाही. तिला तुझ्या तोंडून ऐकायचंय. तेवढं तरी तिला दे.

ऊर्मी


१६ जानेवारी २०२६

कौशिक,

आज कनू. आंघोळीआधी गच्चीवर जायचं असतं म्हणून उजाडताच वर गेले. रविवारपासून तुला लिहायला बसतेय आणि कागद फाडतेय.

त्या सकाळी हॉल भरला होता. तू मला पाहिलंस, हरिप्रियालाही पाहिलंस. सुईचे डाग पडलेले तिचे हात झाकायला तिच्याकडे लांब बाह्यांचा कुर्ता नव्हता असं नाही. तिने मुद्दाम आखूड बाह्यांचा घातला होता. पुढच्याच रांगेत, कनकाच्या आणि माझ्या मध्ये बसली होती. तू आजाराच्या गोष्टीपाशी आलास, एक क्षण थांबलास, आणि मला वाटलं, आता.  ‘डॉक्टरांनी हात टेकले होते,’ तू म्हणालास, आणि सगळं तसंच्या तसं सांगत गेलास.

तेवढ्यात कोकिळा ओरडली.

तू हात खिशात घातलास. आणि हरिप्रिया उठून उभी राहिली. आवाज चढवला नाही, काही नाही. ‘सर, नऊ वाजले. टॅब्लेट घ्या तुम्ही. आम्ही थांबतो.’ इंग्रजीत म्हणाली, सगळ्यांना कळावं म्हणून. मी माझी पाण्याची बाटली तुझ्या पुढे धरली. बोलणार नाही म्हणाले होते, बोलले नाही.

तू बाटलीकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस, आणि हसून म्हणालास, ‘कसली गोळी बाळ? फोन चुकून वाजला.’ आणि पुढचा मुद्दा घेतलास. उपवासाचे फायदे.

थोड्या वेळाने कोकिळा पुन्हा ओरडली. तेव्हा तू फोनच बंद केलास.

हरिप्रिया खाली बसली. माझ्या कानाशी म्हणाली, ‘ऑन्टी, त्यांनी घेतली नाही.’ ती घाबरली होती, तुझ्यासाठी. जिचं तू वाटोळं करत होतास ती पोरगी सबंध व्याख्यानभर घड्याळ बघत होती. मीसुद्धा. तू दीर्घायुष्याबद्दल काय काय सांगितलंस त्यातलं मला काही ऐकू आलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर तुझ्या पोटातली माझी किडनी होती, आणि तू तिला लोकांदेखत उपाशी ठेवत होतास. संपल्यावर तू मागच्या दाराने विमानतळावर गेलास, घरी जेवायला येतो असं हरिप्रसादला सांगून. सासूबाईंनी बिनमिठाचं वरण करून ठेवलं होतं. त्या अजून विचारतात, ‘तंबी का गे आला नाही?’

घरी येताना हरिप्रियाने हॉस्पिटलला फोन केला. तुझं ऐकून नाही, तुला पाहून. ‘खोटं सांभाळायला इतकं करावं लागत असेल तर त्यापेक्षा अम्माची किडनी सांभाळेन,’ म्हणाली. याच महिन्यात ऑपरेशन आहे. कनका माझ्याशी अजून मोजकंच बोलते. पण रोज सकाळी माझ्याबरोबर चालते आणि लोणच्याची बरणी तिने आमच्याकडे आणून ठेवलीय, नजरेसमोर नको म्हणून.

आज तीही गच्चीवर आली होती. तिने आपल्या भावांसाठी भात मांडला. माझ्या हातात पान होतं, पिवळा भात, तांबडा भात, दहीभात, आणि मला पुढे काही करवेना. इतकी वर्षं मी पहिला मुटका ठेवताना तुझं नाव घ्यायचे. कनकाने माझ्या हातातल्या पानाकडे पाहिलं. मग म्हणाली, ‘नाव घ्यायचं नसेल तर घेऊ नका अक्का. ठेवा नुसता. कावळे खोळंबलेत.’

ठेवला. तुझ्यासाठी नाही. मला तुला माफ करता आलेलं नाही आणि इतक्यात येईल असंही दिसत नाही. माझं जे तुझ्याकडे आहे त्याच्यासाठी ठेवला. त्याचा काही दोष नाही. ते बिचारं इतकी वर्षं मुकाट काम करतंय, आणि त्याला कुठून आणलं हेसुद्धा तू कुणाला सांगत नाहीस.

त्या दिवशी फोन बंद केल्यावर तू गजर परत लावलास का, मला माहीत नाही. विचारायला फोन केला तर तू घाटात असशील. म्हणून माझ्या फोनवर मी तोच लावलाय. सासूबाई दचकतात, पण सवय होईल. आत्ता तो वाजतोय. नऊ झालेत. कुठेही असलास, कुणासमोरही उभा असलास, तरी गोळी घे.

ऊर्मी